बिघडायच्या आधी शेवटचं काय केलं?

टायपिंगच्या बाई दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला हात लावत नसत. जुन्या जालन्यात आमच्या भागातले कितीतरी कॉम्प्युटर त्यांच्यामुळे चालू राहिले, पण त्यातल्या एकाचंही बटण त्यांनी स्वतः दाबलेलं मी पाहिलं नाही. बोलावलं की यायच्या. चप्पल दाराबाहेर काढायच्या, दिलेलं पाणी प्यायच्या, खुर्चीवर घरातल्याच कुणाला तरी बसवायच्या आणि आपण मागे उभ्या राहायच्या. दोन्ही हात पदराखाली. मग म्हणायच्या, "मी सांगते तसं करा. घाई करू नका."

काही लोकांना याचा राग यायचा. कापडाच्या दुकानाचे एक मालक त्यांना म्हणाले होते की, बाई, तुम्हाला येतं ना, मग दोन मिनिटांत करून टाका, आम्हाला कशाला कामाला लावता? बाई शांतपणे म्हणाल्या, "उद्या परत बंद पडला तर मी नसेन. तुम्ही मात्र असाल." मालक कुरकुरत खुर्चीत बसले. पुढे तेच शेजारच्या दुकानदारांना वायरी तपासायला शिकवायचे.

बाईंचं नाव कुणी घेत नसे. ते त्यांच्या वर्गाच्या पाटीवर होतं, पण पाटी उन्हानं पांढरी पडली होती. एका कापडाच्या दुकानावरच्या माडीवर त्यांच्या वडिलांनी टायपिंगचा वर्ग काढला होता. वडिलांच्या मागे तो बाईंनी चालवला. लग्न केलं नाही. उंच, सडसडीत बांधा, सुती पातळ, घट्ट अंबाडा आणि गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. एके काळी सरकारी नोकरी पाहिजे तर टायपिंगचं सर्टिफिकेट लागायचं, आणि ते पाहिजे तर बाईंच्या माडीचा जिना चढावा लागायचा. तहसीलमधले, कोर्टातले, पंचायत समितीतले कितीतरी लोक त्यांना पाहिलं की सायकलवरून उतरायचे.

मग कॉम्प्युटर आले आणि जिना ओस पडायला लागला. बाईंनी त्याबद्दल कधी कुरकूर केली नाही. पन्नाशीच्या आसपास असताना त्यांनी अर्धे टायपरायटर मोडीत काढले, दोन कॉम्प्युटर आणले आणि ते शिकायला रोज औरंगाबादला जाऊ लागल्या. क्लासात सगळी त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाची पोरं. "पहिल्या दिवशी त्यांनी मला कुणाची तरी आई समजून बाहेर बसायला सांगितलं," असं त्या सांगायच्या, आणि ते सांगताना त्यांना खरंच मौज वाटायची.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो अपघातानंच. माझे मिस्टर एका बियाण्यांच्या कंपनीत कामाला होते. कंपनीनं ऑफिसात नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा जुने नोकरांना घरी न्यायला दिले. मिस्टरांनी एक रिक्षात घालून गोधडीत गुंडाळून आणला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि कॉम्प्युटर बैठकीत टेबलावर बसला. मी दहावी शिकलेली, वडीगोद्रीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली. मी त्याच्यासमोरून जाताना पदर सावरून जायची. आपला धक्का लागेल आणि लाखाचं नुकसान होईल, असं वाटायचं.

आणि ज्याची भीती होती तेच झालं. एका सकाळी तो चालू केला तर दिवा लागला, आतून घरघर आली, पण पडदा काळाच. मिस्टर शिवारफेरीला आष्टीकडे गेलेले, दोन दिवस येणार नव्हते. ते येऊन काय म्हणतील या धास्तीनं मी बाईंचा जिना चढले. तोवर मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

बाई आल्या, पाणी प्यायल्या, मला खुर्चीत बसवलं. मग विचारलं, "बिघडायच्या आधी शेवटचं काय केलं होतं?"

मी म्हटलं, "काहीच न्हाई केलं."

त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. बराच वेळ गेला. शेवटी स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "म्या फकत पुसलं वो बाई. लई धूळ बसल्ती. आता पुसूबी नाई का?"

"पुसा की," बाई म्हणाल्या. "पुसायलाच पाहिजे." मग मला म्हणाल्या, "मॉनिटरच्या खालच्या कडेला हात फिरव. दोन गोल बटणं लागतील. पहिलं हळूहळू फिरव."

मी फिरवलं. काळ्या पडद्यावर आधी राखाडी उजेड आला, मग एकेक चित्र वर आलं. पुसताना सासूबाईंच्या फडक्यानं उजेडाचं बटण शेवटापर्यंत फिरलं होतं, एवढंच. पण मला आजही ते बटण बोटांना आठवतं. घरात एखादी मोठी वस्तू बिघडावी आणि ती माझ्या हातानं चालू व्हावी, असं आधी कधी घडलं नव्हतं. मिक्सर बिघडला तरी मिस्टर येईपर्यंत तो टेबलावर पडून राहायचा.

तो प्रश्न बाई प्रत्येक घरी विचारायच्या, आणि प्रत्येक घरी उत्तर एकच यायचं. काहीच केलं नाही. बाई थांबायच्या. मग कुणाला तरी आठवायचं की टेबल सरकवलं होतं, फ्लॉपी आत राहिली होती, उंदरानं वायर कुरतडली होती, किंवा पाहुण्यांच्या कॉम्प्युटरवरून गाणी आणून टाकली होती. मी एकदा म्हटलं, लोक किती खोटं बोलतात. बाईंना ते आवडलं नाही. "खोटं नाही बोलत कुणी," त्या म्हणाल्या. "माणूस घाबरलं की विसरतं. आपण रागावलो नाही, की त्याला आठवतं."

सासूबाईंनी कॉम्प्युटरसाठी क्रोशाचं झाकण विणलं होतं, मोरांचं. ते काढायचं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून त्या ते पडद्यापुरतं वर सारायच्या आणि बाकीचं यंत्र झाकलेलंच ठेवायच्या. मे महिना लागला आणि दुपारी कॉम्प्युटर मधेच गोठायला लागला. बाईंनी झाकणाकडे पाहिलं, आधी विणकामाचं कौतुक केलं, मग सासूबाईंना विचारलं की मे महिन्यात दुपारी तुम्ही डोक्यावरून गोधडी घेऊन बसाल का. सासूबाई हसून म्हणाल्या, "न्हाई बा, जीव जाईल." त्यानंतर ते खातं सासूबाईंकडे गेलं. चालू करायच्या आधी झाकण त्या काढायच्या, आणि बंद केल्यावर यंत्राच्या पाठीवर तळहात ठेवून, तापलेल्या लेकराचा अंदाज घ्यावा तसा घेऊन, निवलं असेल तरच घालायच्या. मला कुणी विचारलं की कॉम्प्युटरची काळजी कशी घ्यायची, तर मला आधी सासूबाईंचा तो तळहात दिसतो.

बाईंचे उपाय असे असायचे, घरात सापडणाऱ्या वस्तूंचे. कापूस यायला लागला की गावात जिनिंगचं बारीक तूस उडायचं. ते कुठंही शिरायचं. माउस अडखळायला लागला की बाई म्हणायच्या, उलटा कर, खालची चकती फिरवून काढ, आतली गोळी बाहेर घे. आत दोन बारीक दांड्या असतात, त्यांच्यावर तुसाची कडी बसलेली असते. ती केसांच्या पिनेनं अलगद सोडवायची. कीबोर्ड वर्तमानपत्रावर उलटा करून पाठीवर थापटायचा. आमच्या कीबोर्डातून एकदा शेव, खडीसाखर आणि माझी हरवलेली चमकी पडली. चालू केल्यावर नुसती पीं पीं वाजली आणि पडदा आलाच नाही, तर आतली एक पातळ पट्टी काढून तिची सोनेरी कड शाळेच्या खोडरबरनं पुसायची आणि परत घट्ट बसवायची. मी ते पहिल्यांदा केलं तेव्हा बाईंनी मला तीनदा विचारलं की भिंतीतला प्लग काढलास का. एरवी कधी आवाज न चढवणारी ही बाई एवढ्या एकाच गोष्टीला कडक होती. "प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. यात कुणाला सूट नाही, मला पण नाही."

एका किराणा दुकानदाराचा किस्सा आमच्या गल्लीत पुष्कळ दिवस चालला. त्याच्या बिलांवर अचानक १९८० साल यायला लागलं. तो धावत माडीवर आला आणि म्हणाला की बाई, माझा कॉम्प्युटर मागं गेला. मी तिथंच होते. बाईंनी सांगितलं, आत एक चपटा सेल असतो, घड्याळात असतो तसा. तो संपला की यंत्र तारीख विसरतं. घड्याळजीकडे मिळेल, नवा घाला. त्याला हायसं वाटलं. निघताना बाईंनी सहज विचारलं, "ऐंशी साली तुम्ही कुठं होता?"

तो थबकला. म्हणाला, "तवा वडील होते ना. तेच गल्ल्यावर बसायचे. मी फकत पुड्या बांधायचो." आणि मग तो बसला, आणि वडिलांबद्दल बराच वेळ बोलला. बाई ऐकत राहिल्या. सेलबद्दल त्या दिवशी परत कुणीच काही बोललं नाही.

मी तेव्हा दुपारी बाईंकडे टायपिंग शिकायला जाऊ लागले होते. आधी टायपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर मराठी. ही कल्पना बाईंचीच. मिस्टरांच्या कंपनीत माणसं कमी करण्याची कुजबुज सुरू झाली होती, आणि मी ती घाबरत घाबरत बाईंना सांगितली होती. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. म्हणाल्या, "उद्यापासून तीन वाजता ये."

माडीवर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी त्या वेळी एक म्हातारे गृहस्थ बसलेले असायचे. पांढरी दाढी, शेरवानीसारखा लांब कोट, पायाशी काठी. ते उर्दू शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सगळे त्यांना मास्तरसाहेब म्हणायचे. ते उर्दूत काहीतरी हळू आवाजात बोलायचे आणि बाई उजवीकडून डावीकडे अक्षरं उमटवायच्या. चुकलं की मास्तरसाहेब काठीनं जमिनीवर अलगद टकटक करायचे. मला वाटायचं, बाईंना उर्दूचं काम मिळालं आहे. एक दिवस विचारलं, तर बाईंनी मान वर न करता सांगितलं.

मास्तरसाहेबांच्या मुलानं परदेशातून त्यांना कॉम्प्युटर पाठवला होता. त्यावर ते त्यांच्या घरातल्या बायकांची गाणी लिहून ठेवत होते. हळदीची, मेंदीची, पाळण्याची, लेक सासरी जाताना म्हणायची. आई, मावश्या, चुलत्या यांच्या तोंडची दखनी गाणी. सुट्या कागदांवर, पाकिटांच्या पाठीवर लिहिलेली ती सगळी त्यांनी दोन वर्षं बसून उतरवली, आणि कॉम्प्युटर म्हणजे पक्कं काम, म्हणून कागद टाकून दिले. मग कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस आला. त्यांनी बाईंना बोलावलं. बाई तेव्हा नव्यानं शिकून आलेल्या. त्यांना उपाय माहीत होता. मास्तरसाहेब नमाजाला गेले असताना त्यांनी सगळं पुसून यंत्र कोरं केलं आणि नव्यानं भरलं. ते परत आले तेव्हा कॉम्प्युटर पहिल्यापेक्षा वेगात चालत होता.

"त्यांनी विचारलं, गाणी कुठं आहेत," बाई म्हणाल्या. "मी त्यांना एकदा पण विचारलं नव्हतं, की यात तुमचं काय काय आहे."

एवढं बोलून त्या परत टाइप करू लागल्या. मग मला कळलं की त्या लोकांच्या यंत्राला हात का लावत नाहीत, आणि कुठल्याही घरी, काही करायच्या आधी, "यात तुमचं काय आहे? त्याची दुसरी प्रत कुठं आहे?" हे का विचारतात. प्रत नसेल तर त्या पुढे सरकायच्याच नाहीत. आधी फ्लॉपी आणायला लावायच्या. ती फ्लॉपीही स्पीकरपाशी ठेवायची नाही, त्यातल्या लोहचुंबकानं पुसली जाते. कपड्यांच्या कपाटात ठेवायची.

मास्तरसाहेबांना जेवढी गाणी पाठ होती तेवढी ते सांगत होते, आणि ती लिहिता यावीत म्हणून बाई त्यांच्याकडूनच उर्दू अक्षरं शिकल्या होत्या. पण काही केल्या सगळी आठवत नव्हती. एखादी ओळ यायची, पुढची यायची नाही. मास्तरसाहेब डोळे मिटून बसायचे, आणि बाईंची बोटं कीबोर्डवर तशीच थांबलेली असायची. ते पाहणं अवघड जायचं.

मास्तरसाहेबांची थोरली बहीण आष्टीला होती. आपा. तिला गाणी येत असणार, पण मास्तरसाहेब तिच्याकडे जायला तयार नव्हते. काहीतरी जुनं बिनसलेलं होतं, त्यात मी शिरले नाही. शेवटी बाईच म्हणाल्या, मी येते तुमच्यासोबत. मलाही चल म्हणाल्या. सासूबाईंनी जा म्हटलं, आणि आम्ही तिघं एसटीनं निघालो. बाईंच्या मांडीवर टेपरेकॉर्डर होता, नव्या सेलचा, आणि पर्समध्ये जास्तीचे सेल.

आपांचं घर बाजाराच्या मागं होतं. त्या खूप थकलेल्या होत्या, पण डोळे लखलखीत. भावाला पाहून त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं. येण्याचं कारण ऐकल्यावर मात्र साफ नाही म्हणाल्या. ती गाणी बायकांची आहेत, मर्दांसमोर म्हणायची नाहीत. आमच्या अम्मीनं कधी म्हटली नाहीत, मी म्हणणार नाही.

मास्तरसाहेब म्हणाले, "आपा, मी तर ऐकलीत लहानपणी."

"तू ऐकली ती मुलांसमोरची," आपा म्हणाल्या. "बाकीची तुला कुठं मालूम आहेत?"

मास्तरसाहेब काठी घेऊन उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आपांच्या सुनेनं दार लोटलं. बाईंनी टेपरेकॉर्डर आपांच्या पुढ्यात ठेवला, आणि या वेळी बटण स्वतः दाबलं; ते यंत्र त्यांचं होतं.

आपा गायल्या. आधी खोकत, थांबत, शब्द चाचपत. मग आवाज मोकळा झाला. सुनेनं परातीवर ठेका धरला. मेंदी वाटण्याचं एक गाणं होतं. सासूची नक्कल करणारं एक होतं, त्याला आम्ही सगळ्या हसलो. मग त्यांनी लेकीची पाठवणी म्हटली, आणि बाईंनी, ज्यांचं लग्न झालं नव्हतं आणि ज्यांना कुणी कधी पाठवलं नव्हतं, डोळ्याला पदर लावला. मला माझ्या आईची आठवण झाली. भाषा निराळी, पण पाठवणी ऐकताना सुनेनं मान जशी खाली घातली, तशी आमच्याकडेही घालतात.

दार उघडलं तेव्हा मास्तरसाहेब ओट्यावर भिंतीला कान लावून बसलेले होते. ते लाजले. आपा त्यांना म्हणाल्या, "ऐकलं ना चोरून? आता लिहून ठेव बराबर." आणि त्या दिवशी भाऊ-बहीण एका ताटात जेवले.

परत येताना एसटीत मास्तरसाहेब खुशीत होते. म्हणाले, बाई, हे तर पहिल्यापेक्षा किती तरी जास्त झालं; तुम्ही पुसलं नसतं तर मी आपाकडे आलोच नसतो. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. म्हणाल्या, "असं म्हणू नका, मास्तरसाहेब. गाणी मिळाली ती आपांमुळे. मी पुसलं ते पुसलंच."

मास्तरसाहेब म्हणाले, "बराबर आहे. चूक तुमचीच होती. पण मी माफ करून लई दिवस झाले. तुम्ही कधी करणार?"

त्यानंतर माडीवर त्या दोघांचं काम चालायचं तेव्हा मधून मधून हसू ऐकू यायचं. गाणी पूर्ण झाली. बाईंनी त्यांच्या प्रती काढल्या, एक मास्तरसाहेबांच्या घरी, एक आष्टीला, एक त्यांच्या मुलाला, आणि एक स्वतःच्या कपाटात, साड्यांच्या घडीत. मास्तरसाहेब पुढच्याच थंडीत गेले. शेवटपर्यंत त्यांचा कॉम्प्युटर चालू होता.

कंपनीतली कुजबुज खरी ठरली. मिस्टर घरी बसले. ते दिवस मी विसरणार नाही, पण त्यांची गोष्ट इथं सांगत नाही. एवढंच सांगते की तोवर माझा हात बसला होता. शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, कोर्टाचे अर्ज. बैठकीतल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर मी घर चालवलं, आणि तो कधी बंद पडला तर मला कुणाची वाट पाहावी लागली नाही. फार अडलं तर बाईंना फोन करायचा. त्या फोनवर विचारायच्या, पडद्यावर काय लिहून आलंय ते अक्षर अक्षर वाच. मी इंग्रजी चाचरत वाचायची. वाचता वाचताच पुष्कळदा उत्तर सापडायचं, आणि बाई पलीकडून म्हणायच्या, "बघ, तुलाच कळलं."

पुढे पुढे त्या घरी येईनाशा झाल्या, सगळं फोनवरच सांगायच्या. मला वाटलं, वय झालं, जिने नको वाटत असतील. मग एकदा मी माडीवर गेले तेव्हा बाई पडद्याला नाक लावून बसलेल्या दिसल्या. काचबिंदू होता. कडेकडेचं दिसणं आधीच गेलं होतं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलेलं जपायचं, गेलेलं परत येणार नाही. बाईंनी हे मला असं सांगितलं, जसं एखाद्याला त्याच्या बिघडलेल्या कॉम्प्युटरचं सांगावं.

वर्ग बंद झाला. कॉम्प्युटर त्यांनी एका शाळेला दिले. धाकटी बहीण वडीगोद्रीला राहत होती, तिच्याकडे त्या गेल्या. जायच्या दिवशी गल्लीतली सगळी बाहेर आली होती. कापडाच्या दुकानाचे मालक, किराणेवाले, आमच्या सासूबाई. बाईंना नीट दिसत नव्हतं, म्हणून प्रत्येक जण जवळ जाऊन नाव सांगत होता. सासूबाई नाव सांगायच्या ऐवजी म्हणाल्या, "म्या ती, पुसणारी." बाई खळखळून हसल्या. रिक्षा निघाली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि घरातून निघणं होत नव्हतं. माहेरी एक लग्न होतं म्हणून गेले आणि वाकडी वाट करून वडीगोद्रीला उतरले. बाईंच्या भाच्यानं हायवेला लागून झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. ट्रकचा सतत आवाज. दुकानाच्या मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, आणि समोर गावातल्या दोन मुली टाइप करत होत्या. बाई खुर्चीत भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. डोळे उघडे, पण आता त्यांना काहीच दिसत नव्हतं.

मी दारातच थांबले. बाई मधेच म्हणाल्या, "कांचन, करंगळी उचलून मारतीस तू. आवाज येतोय." डावीकडची मुलगी ओशाळली आणि बोट नीट ठेवलं. माझ्या लक्षात आलं की बाई कानानं शिकवत होत्या. आयुष्यभर एका खोलीत वाजणारी यंत्रं ऐकलेल्या त्या कानांना कुठल्या बोटानं काय केलं ते कळत होतं.

मी पुढे होऊन नाव सांगितलं. त्यांनी माझे हात हातात घेतले, खूप वेळ धरून ठेवले. घरचं विचारलं. मी म्हटलं, सगळं छान आहे. मिस्टरांनी छोटं दुकान टाकलं, मुलगी कॉलेजला गेली, सासूबाई बऱ्या आहेत, काम भरपूर आहे. इतक्या दिवसांनी भेटत होतो, आणि त्यांच्याकडे पाहून मला माझं काही सांगावंसं वाटेना.

बाईंनी ऐकून घेतलं. मग मुलींना थोडा वेळ बाहेर जायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "बस तिथं. काहीतरी टाइप कर. मला तुझा हात ऐकू दे."

मला हसू आलं. बसले, आणि मनात आलं ते लिहू लागले, कुठल्यातरी लग्नपत्रिकेचा मजकूर. आमच्या येथे श्रीकृपेकरून. बाईंनी मान थोडी कलती केली. बाहेरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत मी थांबले, मग पुन्हा सुरू केलं. एक ओळ झाली, दुसरी झाली.

"हात चांगला बसलाय," त्या म्हणाल्या. "पण डावा हात जड पडतोय. उजव्याच्या मागं राहतोय. कुणाला उचलतेस?"

मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. बाईंनी पुढे काहीच विचारलं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि मग मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली.